लग्न झालंय, व्हिसा व्हायचाय

नगर जिल्ह्यात हल्ली एका नव्याच प्रकारची माहेरवाशीण दिसायला लागली आहे. लग्न रीतसर झालेलं, नवरा चांगला, सासू त्याहून चांगली. भांडण नाही, बाळंतपण नाही, आखाड नाही, दिवाळी नाही. तरी मुलगी माहेरी. सकाळी स्कूटीवरून नोकरीला जाते, येताना मेथीची जुडी आणते आणि रात्री जेवणं उरकली की गच्चीवर जाऊन तासभर मोबाइलशी बोलते, कारण तेव्हा तिकडे सकाळ झालेली असते. शेजारच्या काकू पहिले काही आठवडे नुसत्या बघतात. मग एक दिवस वाटीभर साखर मागायला येतात आणि जाताना उंबऱ्यात थांबून विचारतात, “सगळं बरं आहे ना?” त्यावर मुलीची आई एकच उत्तर देते, आणि ते आता तालुक्यात पाठ झालेलं आहे: “लग्न झालंय, व्हिसा व्हायचाय.”

आमच्या भाचीचं हेच झालं. आक्का आणि दाजी राहुरी तालुक्यातले, मुलगा संगमनेरकडचा. इंजिनीअर होऊन एम.एस.ला अमेरिकेत गेला आणि तिथेच नोकरीला चिकटला. लग्नाचा विषय निघाला की म्हणायचा, “आधी ग्रीनकार्ड येऊ द्या.” आता नोकरीवरची ग्रीनकार्डं वाटताना अमेरिका कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. जो नियम भारताला तोच लक्झेंबर्गला. लक्झेंबर्ग केवढं, तर २,५८६ चौरस किलोमीटर. आमचा जिल्हा १७,०४८. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात पहिला. त्याच्या पोटात सहा लक्झेंबर्गं घातली तरी वर एखादा तालुका शिल्लक राहील. पण कायद्यापुढे सगळे देश समान, त्यामुळे भारतीयांची रांग दहा-दहा वर्षांच्या पुढे जाते. त्या रांगेत मुलाचे केस पुढून मागे सरकत गेले. अखेर कार्ड आलं तेव्हा केस जाऊन फक्त कार्ड उरलं होतं.

संगमनेरला पेढे वाटले. आमच्याकडेही अर्धा किलो आले. मीही खाल्ले. लगोलग स्थळ जुळलं, बार उडाला, आणि जावई सुट्टी संपवून परत गेल्यावर तिकडच्या वकिलाने गणित समजावून सांगितलं. मुलगा नोकरीच्या तात्पुरत्या, म्हणजे एच-वन-बी व्हिसावर असताना लग्न झालं असतं, तर बायकोला एच-फोर मिळून ती त्याच्या मागोमाग गेली असती. ग्रीनकार्ड हातात पडायच्या आदल्या दिवशी अक्षता पडल्या असत्या, तरी त्याच अर्जाच्या शेपटाला धरून तिलाही कार्ड मिळालं असतं. उद्या तो पाच वर्षं काढून नागरिक झाला, तर नागरिकाच्या बायकोला संख्येची मर्यादाच नाही. अडकते ती मधली. तात्पुरत्या माणसाची बायको विमानात, नागरिकाची बायको रांगेबाहेर, आणि कायमच्या माणसाची बायको राहुरीत.

दाजींना हे पटायला वेळ लागला. मुलाची प्रगती झाली म्हणून बायको मागे राहते, हे त्यांच्या हिशेबात बसेना. भटजींनी नाडी पाहिली होती, मंगळ पाहिला होता, एकतीस गुण जुळले होते. “छत्तीस गुण बघितले,” दाजी म्हणाले, “आय-एकशे तीस कुणी बघितलाच नाही.” आय-१३० म्हणजे नवऱ्याने बायकोसाठी भरायचा अर्ज. आमच्या घरात आता हा आकडा मोटारीच्या नंबरापेक्षा जास्त पाठ आहे.

अर्ज भरला की पुढचं काम वाचनाचं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात तुमच्या वर्गापुढे एक तारीख असते. त्या तारखेच्या आधी अर्ज केलेल्यांचीच गाडी पुढे जाते. दाजींनी आयुष्यात इंग्रजी वाचलं ते फवारणीच्या बाटलीवरचं. आता ते महिन्याच्या महिन्याला चष्मा पुसून एफ-टू-ए चा, म्हणजे लेकीच्या वर्गाचा, रकाना काढतात. तारीख कधी पुढे सरकते, कधी जागेवर बसते आणि कधी चक्क मागे जाते. ती मागे गेली त्या दिवशी दाजी बुलेटिनसमोर बराच वेळ बसून राहिले आणि मग म्हणाले, “कॅलेंडर मागं नेणारं सरकार पयल्यांदाच बघितलं.”

अशा जोडप्यांची अमेरिकेच्या संसदेला एकदा दया आली होती, हेही सांगायला हवं. २००० साली त्यांनी कायदा करून व्ही नावाचा एक व्हिसा काढला: ग्रीनकार्डवाल्याच्या बायकोने तीन वर्षं वाट पाहिली असेल, तर उरलेली वाट तिने अमेरिकेत येऊन पाहावी. अट एवढीच की अर्ज २१ डिसेंबर २००० किंवा त्याआधी केलेला हवा. तेव्हा आमची भाची बालवाडीत होती.

या बाबतीत आमच्या पाथर्डी-जामखेडचा ऊसतोडीचा मुकादम मला अमेरिकेपेक्षा व्यवहारी वाटतो. तो नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो. उचल देतो ती जोडप्याला, आणि ट्रकमध्ये बसवून कर्नाटकात नेतो तेही जोडप्यालाच. एकटाच गडी आला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात आणि पैसेही अर्धेच मोजतात. मुकादम काही दयाळू म्हणून हे करत नाही; दोघांशिवाय मोळी बांधून होत नाही, हे त्याला माहीत असतं. अमेरिकेने मात्र अर्धाच कोयता नेला आणि काम पूर्ण घेते.

तर आता मार्ग उरला तो भेटीचा. पाहुणी म्हणून जायचं, नवऱ्याला भेटायचं आणि परत येऊन रांगेत उभं राहायचं. त्यासाठी वेगळा व्हिसा, वेगळा अर्ज, वेगळी फी. आणि इथे दोन फायली सुरू झाल्या.

पहिली फाइल कायमच्या अर्जाची. तिच्यात लग्न खरं आहे हे सिद्ध करायचं. गावात विवाह नोंदणीचं काम ग्रामसेवकाकडे असतं. तीन साक्षीदार, भटजींची सही आणि लग्नपत्रिका. पत्रिका तर आमची आठ पानी होती, पण त्यात वधू-वरांची नावं पहिल्या पानावरच संपतात आणि पुढे प्रमुख उपस्थिती, विनीत, निमंत्रक आणि भाऊबंद एवढंच असतं. प्रमाणपत्रावर जिल्हा अहिल्यानगर, कारण २०२४ साली नाव बदललं. चोंडीच्या लेकीचं नाव जिल्ह्याला मिळालं याचा सगळ्यांना आनंदच आहे. पासपोर्टवर मात्र जन्मठिकाण अहमदनगर. तिकडच्या वकिलाने ईमेलवर विचारलं, जन्म एका ठिकाणी आणि लग्न दुसऱ्या ठिकाणी. दोन्हींतलं अंतर किती? दाजींनी कळवलं, “एक राजपत्र.”

मग फोटो. वकिलाला जोडप्याचे फोटो हवे होते. आम्ही अल्बम काढला आणि ध्यानात आलं की स्टेजवरच्या एकाही फोटोत जोडपं मधोमध नाही. मधोमध कुणीतरी फेटा बांधलेला आहे. आजी आमदार, माजी आमदार, भावी आमदार, कारखान्याचे संचालक, बाजार समितीचे सभापती. नवरा-नवरी दोन बाजूंना खांबासारखी उभी. फोटोंवरून निकाल लागला असता, तर आमच्या जावयाचं लग्न माजी सभापतींशी झालं असंच ठरलं असतं.

त्यानंतर प्रेमाचा पुरावा. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं छापून जोडायचं. भाची लाजली, पण इलाज नव्हता. छापून काढल्यावर लाजण्यासारखं त्यात काही नव्हतं असं दिसलं. “जेवलीस का?” “हो. तू?” “हो. काय होतं?” “भेंडी.” पानामागून पानं हेच. झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराने पानं लावता लावता सगळं वाचलं असावं, कारण पैसे घेताना त्याने मला हळूच विचारलं, “मामा, भाऊजींना भेंडी चालत नाही व्हय?”

दुसरी फाइल पाहुणचाराच्या व्हिसाची. तिच्यात नेमकं उलटं सिद्ध करायचं. अमेरिकेच्या कायद्यातलं कलम २१४ (ब) सांगतं की खिडकीसमोर आलेला पाहुणा हा कायमचा राहायलाच निघालाय असं धरून चालायचं. तसं नाही हे पाहुण्याने पटवून द्यायचं. अर्जात सरळ प्रश्नही असतो: तुमच्यासाठी कुणी कायमच्या वास्तव्याचा अर्ज केलाय का? खोटं लिहून चालत नाही. लिहायचं, हो, नवऱ्याने केलाय. आणि लगेच पटवायचं की मी तिथे राहणार मात्र नाही. म्हणजे पहिली फाइल सांगते, हिला नवऱ्यावाचून करमत नाही. दुसरी सांगते, हिला पतसंस्थेवाचून करमत नाही. भाची तालुक्याच्या एका पतसंस्थेत नोकरीला आहे. तिथल्या मॅनेजरने तिच्या रजेच्या पत्रात “यांच्यावाचून संस्थेचे कामकाज ठप्प होईल” असं लिहून दिलं. पगारवाढ मागताना हेच वाक्य तिने ऐकवलं तेव्हा साहेबांना ते आठवलं नाही.

परत येण्याचं सबळ कारण म्हणून वकिलाने मालमत्तेची कागदं सुचवली. दाजींचा चेहरा एकदम उजळला, कारण जगातला सगळ्यात मोठा कागद सातबारा, यावर त्यांची श्रद्धा आहे. तलाठ्याकडे चकरा मारून, फेरफार करून त्यांनी लेकीच्या नावावर वीस गुंठे लावले. हे वाटतं तेवढं साधं नाही. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात बदल होऊन वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तेव्हापासून आमच्याकडे बहिणींना रक्षाबंधनाला साडी आणि नंतर केव्हातरी हक्कसोडपत्र, असा रिवाज आहे. जे काम संसदेच्या कायद्याला वीस वर्षांत जमलं नाही, ते मुंबईतल्या एका खिडकीच्या धाकाने झालं. भाच्याने मात्र बहिणीला बाजूला घेऊन विचारलंच, “कायमचं झालं की सोडून देशील ना?” तेव्हापासून ताईची फाइल मंजूर व्हावी म्हणून घरात सगळ्यात कळकळीने नवस बोलतो तो हा भाऊ.

मुलाखतीला आम्ही मुंबईला गेलो. अमेरिकेची वकिलात पूर्वी ब्रीच कँडीला वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या राजवाड्यात होती. २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. आमच्या जिल्ह्यात शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत, त्यामुळे इतक्या तपासणीची आम्हाला सवय नव्हती. मोबाइल आत नेता येत नाही. तेव्हा मामाने बाहेर फुटपाथवर पिशवी, मोबाइल आणि चिवड्याची पुडी सांभाळत उभं राहायचं. तिथे उभ्या असलेल्या नातेवाइकांना निकाल लांबूनच कळतो. व्हिसा मंजूर झाला तर पासपोर्ट आत ठेवून घेतात, नाकारला तर हातात परत देतात. म्हणून दारातून येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे कुणी बघत नाही, सगळे हाताकडे बघतात. आयुष्यभर रिकाम्या हाताने परतणाऱ्याची कीव करत आलो. तिथे रिकाम्या हाताचा हेवा वाटतो.

भाचीच्या हातात पासपोर्ट होता.

आत झालेलं बोलणं तिने गाडीत सांगितलं. कशाला जायचंय? नवऱ्याला भेटायला. लग्न कधी झालं? मागच्या वर्षी. किती दिवस राहणार? तीन आठवडे. आणि मग परत येणार? हो. शेवटी खिडकीतल्या अधिकारी बाईने शांतपणे विचारलं, का? या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातल्या कुठल्याच लग्न झालेल्या मुलीला शिकवलेलं नसतं. भाची म्हणाली, “पतसंस्था.” सातबाऱ्याकडे कुणी बघितलंही नाही. दाजींना मुलाखतीपेक्षा त्याचंच जास्त लागलं.

येताना गाडीत मला आमच्या आईची आत्या आठवली. तिचं माहेर शेवगावकडे आणि सासर गोदावरीपलीकडे, पैठणच्या बाजूला. म्हणजे परदेशातच. शेवगाव, पाथर्डी, जामखेडच्या पलीकडे १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचं राज्य. आमच्याकडची माणसं त्याला मोगलाई म्हणत. हद्दीवर करोडगिरीचं नाकं, जकात घेणारं. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली शिक्का, आणि सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार हा हिशेब सहीपुरतंही न शिकलेल्या बाया तोंडी करत. आत्याच्या गाठोड्यातली नवी लुगडी नाक्यावर उलगडून बघत. पण कोरं लुगडं आणि नेसलेलं लुगडं एवढाच त्यांना प्रश्न. नवऱ्याकडे जाऊन परत येणार का, असं निजामाच्या शिपायाने तिला कधी विचारलं नाही. ती मात्र येताना दोन लुगडी एकावर एक नेसून यायची.

आणि अमेरिकनांना तरी आमच्याकडे सहज कुठे येऊ दिलं होतं? १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी मुंबईला पोचले. नॉट नुकतंच लग्न करून, बायकोला घेऊन बोटीत बसला होता. कंपनी सरकारने परवाना नाही म्हणून त्यांना परत जायला सांगितलं. ते अर्ज-विनंत्या करत मुंबईत तग धरून राहिले आणि अखेर राहू दिलं गेलं. त्याच मिशनची माणसं १८३१ साली नगरला आली, शाळा काढल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिली. ‘परत कधी जाणार’ असं नगरकरांनी त्यांना विचारल्याचं निदान माझ्या तरी वाचनात नाही. हा मुद्दा मुलाखतीत मांडावा असं मी भाचीला सुचवलं होतं. तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं ती सहसा पाहत नाही.

दरम्यान जावई येऊन जाऊन होताच. पण कार्डवाल्याला फार दिवस बाहेर राहता येत नाही. सहा महिन्यांच्या वर गेलं की विमानतळावर प्रश्न, वर्षाच्या वर गेलं की कार्डच धोक्यात. मग कुणीतरी मधला देश सुचवला. थायलंडने २०२३ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसा माफ केलेला. दोघांनी तिथे भेटायचं ठरवलं. सगळं सोयीचं, फक्त गावात सांगणं अवघड. आमच्या भागात बँकॉक हे संचालक मंडळाच्या अभ्यासदौऱ्याचं ठिकाण म्हणून ओळखलं जातं. आक्काने काकूंना सांगितलं, लेक-जावई बँकॉकला भेटणार आहेत. काकूंनी पदर तोंडाला लावला. शेवटी आक्काने “पट्टाया नाही हो, नुसतं बँकॉक,” असा खुलासा केला आणि तो तालुकाभर गेला.

पुढे एका खेपेला भेटीचा व्हिसा मिळाला. तेव्हाचा अधिकारी वेगळा होता, उत्तरं तीच होती, पतसंस्थाही तीच होती. का मिळाला हे विचारायला मी कुणाला सांगणार नाही.

मात्र व्हिसा म्हणजे प्रवेश नव्हे. तिकडच्या विमानतळावरचा अधिकारी पुन्हा पहिल्यापासून विचारतो. आणि त्याच्यापुढे भाचीच्या फायलीपेक्षा आक्काने भरलेली बॅग जास्त बोलली. तीन आठवड्यांच्या पाहुणीच्या सामानात काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, बाजरीचं पीठ, पुरणयंत्र आणि लाकडी पोळपाट निघाला. अधिकाऱ्याने पुरणयंत्र हातात घेऊन फिरवून बघितलं, जाळी वर धरली आणि हे काय म्हणून विचारलं. भाचीने इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. मग त्याने पोळपाट काढला आणि विचारलं, “बाई, तुम्ही नक्की परत जाणार आहात का?” परतीचं तिकीट दाखवल्यावर शिक्का मिळाला. पुरणयंत्रही सुटलं. त्याचा एक पायच तेवढा तपासणीत हरवला, अशी आक्काची तक्रार आहे.

भाची ठरल्या दिवशी परत आली. अमेरिकेच्या नजरेत तिची पत वाढली. सांगितल्याप्रमाणे वागणारी, भरवशाची बाई. इकडे गल्लीत तिची बॅग उतरताना काकू फाटकाशी आल्या आणि आक्काला हलक्या आवाजात म्हणाल्या, “परत पाठवली का हो?” तिकडे परत येण्याचा पुरावा मागतात आणि इथे परत आल्याचा खुलासा. एका मुलीने दोन्ही खिडक्यांवर उभं राहायचं, आणि दुसऱ्या खिडकीवर फी नसली तरी मुलाखत रोज असते.

भाचीचा अर्ज अजून रांगेत आहे. पुढच्या महिन्याचं बुलेटिन यायचंय, दाजींनी चष्म्याची काच बदलून आणली आहे. तोवर दोन विनंत्या आहेत. शेजारपाजारच्यांनी अशा मुलीला “कधी जाणार?” हे विचारू नये, ते तिला माहीत नसतं, तिच्या नवऱ्याला माहीत नसतं आणि बुलेटिन काढणाऱ्यांनाही माहीत नसतं. आणि ज्यांच्या घरी मुलाच्या ग्रीनकार्डाची वाट पाहणं चालू आहे, त्यांनी पेढ्यांची ऑर्डर जरा थांबवावी. आधी मुलगी पाहा, मुहूर्त भटजींकडून काढा, पण पक्का करण्यापूर्वी तो तिकडच्या वकिलाला एकदा दाखवून घ्या.